विभाताईंना शंका आहे

विभाताई मोघे आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या, तेव्हा कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "दूध पाकिटातलं, की भैयाकडचं?" भैयाकडचं, असं मी म्हणताच त्यांनी कप खाली ठेवला. "मग मला कोराच द्या." ही बाई काही पुन्हा आपल्या दारात यायची नाही, असं मी धरून चालले. तर चार दिवसांनी त्या आल्या, पर्समध्ये लॅक्टोमीटर घालून. भैयाच्या दुधात पाणी निघालं. फाटकाशी उभं करून त्यांनी त्याला असं काही सुनावलं, की समोरच्या त्रिपाठींनीही दूधवाला बदलला. तेव्हापासून आमची मैत्री.

त्या मूळच्या मिरजेच्या. यजमान नरेंद्रराव वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांना इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून लग्नानंतर विभाताई लखनौला आल्या आणि इथल्याच झाल्या. हजरतगंजजवळच्या एका कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं संख्याशास्त्र शिकवलं. पेपर तपासताना दोन उत्तरं सारखी दिसली, की परीक्षेला कोण कोणाच्या मागे बसलं होतं ते शोधून काढायच्या. घरीही तीच तऱ्हा. नरेंद्रराव दाराला कडी घालून आले, की ह्या उठून दार ढकलून बघणार. ते चिडले तर म्हणायच्या, "तुमच्यावर नाही हो, कडीवर शंका आहे." मुलीला, मुक्ताला, मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती हिंदीतच देते. तिचं म्हणणं, "माँ, आप न, पुलिस में होतीं तो ठीक रहता."

असा स्वभाव का झाला, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "काही झालं-बिलं नाही गं चारू," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं, हिला कोणीतरी फसवलं असणार. कोणी नाही फसवलं. फसवायची संधीच दिली नाही मी."

निवृत्तीनंतर त्या तेलीबागच्या अलीकडे एका ट्रस्टच्या थॅलेसेमिया केंद्रात जाऊ लागल्या. बिनपगारी, नोंदींच्या कामासाठी. थॅलेसेमिया झालेल्या मुलांच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागतं, तेही जन्मभर. इतक्या परक्या लोकांचं रक्त घेता घेता काही मुलांचं शरीर एखाद्या विशिष्ट प्रकारच्या रक्ताशी वैर धरतं. डॉक्टर म्हणतात, अँटीबॉडी तयार झाली. मग तसलं रक्त पुन्हा गेलं तर थंडी वाजून ताप, कावीळ, कधी जिवावरही बेततं. त्यात घात असा, की काही महिन्यांनी ती अँटीबॉडी तपासणीत दिसेनाशी होते. शरीर मात्र विसरलेलं नसतं. अशा वेळी त्या मुलाची जुनी नोंद हाच आधार. उन्नाव, रायबरेली, बाराबंकीहून येणाऱ्या सगळ्या मुलांच्या ह्या नोंदी केंद्रातल्या एका कॉम्प्युटरवर, एका फाईलमध्ये होत्या. निरनिराळ्या रक्तपेढ्यांमधून गोळा करून विभाताईंनीच त्या तिथे आणल्या होत्या.

कॉम्प्युटर सांभाळायचं काम अनीश निगमकडे होतं. चाळिशीचा, घरंदाज, कमी बोलणारा माणूस. प्रश्न विचारला की प्रश्नापुरतंच उत्तर द्यायचा. आणि अपुरं उत्तर म्हणजे लपवलेलं उत्तर, असा विभाताईंचा हिशेब.

त्या जानेवारीत धुकं काही हटेना. दुपारपर्यंत रस्त्यावर गाड्यांचे दिवे चालू. त्याच दिवसांत केंद्रातला कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला. विभाताई जेवून परत येत, तर पडदा काळा. डोक्यावरचा दिवा मात्र लागलेला.

"अनीश, लाइट तो है. फिर ये कैसे बंद हुआ?"

"पता नहीं मैडम. चला देता हूँ."

तो चालू करून द्यायचा. कारण सांगायचा नाही. विभाताईंनी मनाशी टिपून ठेवलं, की कोणीतरी हा मुद्दाम बंद करतंय. त्यातच एका शुक्रवारी अनीशचा आणि केंद्राच्या प्रमुख डॉ. अरुणा सक्सेनांचा रजेवरून खटका उडाला. सगळ्यांसमोर आवाज चढले. आणि सोमवारी सकाळी फाईल उघडेना.

पडद्यावर फाईलच्या नावापुढे यंत्रानं इंग्रजीत एक शब्द लिहिला होता, 'सस्पेक्ट'. म्हणजे फाईल आतून बिघडली आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नका. अनीश घामाघूम होऊन काहीबाही करून बघत होता. विभाताई त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"बॅकअप वाली डिस्क कहाँ है? अलमारी में तो नहीं है."

बॅकअप म्हणजे फाईलची वेळोवेळी काढून ठेवलेली प्रत. रोजची प्रत त्याच कॉम्प्युटरवर पडायची आणि दर दोन-चार दिवसांनी जुनीवर नवी चढायची. त्याखेरीज दर शनिवारी एक प्रत वेगळ्या डिस्कवर निघायची. ती डिस्क कुलपात असायला हवी होती.

अनीश खाली बघत म्हणाला, "घर पर है मैडम."

"घर पर? किसकी इजाज़त से?"

तो पुन्हा कीबोर्डकडे वळला.

झालं. विभाताईंच्या डोक्यात सगळं जुळलं. गेले काही महिने मुलांच्या आयांना कुठल्या कुठल्या दलालांचे फोन येत होते, अमुक ठिकाणी मुलाचं ऑपरेशन करून घ्या, रक्त चढवायची गरजच उरणार नाही, म्हणून. नंबर फुटतात कुठून, हा प्रश्न होताच. डिस्क ह्याच्या घरी, कॉम्प्युटर हाच बंद करतो, शुक्रवारी भांडण, सोमवारी फाईल गेली. त्या सरळ डॉ. अरुणांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. बाहेर नर्सेस, दोन-तीन आया, सगळे ऐकत होते.

"फ़ाइल अपने आप नहीं बिगड़ी है," त्या म्हणाल्या. "अनीश डेटा घर ले जाता है. पहले ये पूछिए कि किसको देता है."

डॉ. अरुणांनी अनीशकडून किल्ल्या घेतल्या आणि त्याला घरी जायला सांगितलं. तो जाताना कोणाशी एक शब्द बोलला नाही. विभाताई मला नंतर म्हणाल्या, "खरा असता तर भांडला नसता का गं?"

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला फोन गेला. त्यांच्या माणसानं कुठूनतरी लांबून, इंटरनेटवरून, कॉम्प्युटरचा ताबा घेतला, आणि संध्याकाळी कळवलं, की फाईल दुरुस्त झाली. खरंच, उघडली. मुलांची नावं, तारखा, रक्तगट, सगळं जागच्या जागी. डॉ. अरुणांनी सगळ्यांसाठी चहा आणि समोसे मागवले. दुसऱ्या दिवशी रक्त चढवायचा वार होता. पोरं येणार होती.

विभाताईंनी समोशाला हात लावला नाही. "इतकी बिघडलेली वस्तू इतक्या लवकर नीट झाली, तर काहीतरी दाबून बसवलंय," असं त्यांनी घरी आल्यावर नरेंद्ररावांना सांगितलं. नरेंद्रराव म्हणाले, "अहो, आता तरी थोडा विश्वास ठेवा." त्यावर काय उत्तर मिळालं असेल, ते मी इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी विभाताई सगळ्यांच्या आधी केंद्रात पोचल्या. मुलांची एकूण संख्या पाहिली, तर दोन कमी. त्या थेट बाहेर येऊन बसल्या, जिथे आया मुलांना शालींत गुंडाळून थांबल्या होत्या. गीता नावाची एक बाई उन्नावच्या बाजूनं यायची. तिची मुलगी अंशिका मांडीवर पेंगत होती.

"गीता, अंशिका को कौन-सा खून मना है?"

गीतानं क्षणभर संशयानं बघितलं. "क्यों मैडम? आपके कंप्यूटर में नहीं है क्या?"

"है. फिर भी तुम बताओ."

"बड़ी ई वाला," ती म्हणाली. "बड़े डॉक्टर ने रटवाया था, कि कहीं भी जाओ, पहले ये बोलना. बड़ी ई वाला खून नहीं चढ़ेगा."

मोठा ई, म्हणजे रक्तातल्या एका प्रकाराचं नाव. विभाताई आत आल्या, अंशिकाचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: कोणतीही अँटीबॉडी नाही. त्यांनी पुढचं नाव उघडलं. त्याच्या पुढचं. अंशिकानंतरच्या दुसऱ्या मुलापुढे मोठा ई लिहिलेला होता, आणि त्या मुलाला आजवर कसलाही त्रास झालेला नव्हता.

काय झालं असावं, ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. दुरुस्ती करताना दोन मुलांच्या नोंदी गळाल्या होत्या, आणि त्या माणसानं मागच्या सगळ्या मुलांना नव्यानं क्रमांक दिले होते. अँटीबॉडीच्या नोंदी मात्र जुन्याच क्रमांकांवर राहिल्या. रांगेतले दोघे निघून गेल्यावर मागचे सगळे दोन पावलं पुढे सरकतात, तसं. नावं बरोबर, नोंदी बरोबर, फक्त एकाची नोंद दुसऱ्याच्या गळ्यात.

त्या डॉ. अरुणांकडे धावल्या. "आज किसी को खून मत चढ़ाइए."

"विभा जी, कल आपको अनीश पर शक था, आज फ़ाइल पर है. कल मुझ पर होगा."

"अंशिका का पन्ना खोलिए," विभाताई म्हणाल्या, "फिर उसकी माँ से पूछिए."

डॉ. अरुणांनी पान उघडलं, गीताला आत बोलावलं. मग स्वतः बाहेर जाऊन त्यांनी नर्सना थांबवलं. ज्या मुलांना थांबणं शक्यच नव्हतं, त्यांच्या आयांना विचारून, रक्तपेढीकडून खात्री करून घेऊन मगच पिशव्या लागल्या. बाकीच्यांना दोन दिवसांनी यायला सांगितलं. लांबून आलेल्या आया कुरकुरल्या. गीता कुरकुरली नाही. ती अंशिकाला उचलून तशीच बसून राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत राहिली, "अपने बच्चे का पूछ लेना, कंप्यूटर पर मत रहना."

आता हवी होती बिघाडाच्या आधीची प्रत. कॉम्प्युटरवरच्या रोजच्या प्रती ताज्या होत्या, म्हणजे बिघडलेल्या फाईलच्याच. उरली ती शनिवारची डिस्क. अनीशच्या घरी असलेली.

दुपारी विभाताईंचा मला फोन आला. "चारू, गाडी काढ. तेलीबागला जायचंय. ओला-बिला नको, त्यांना पत्ता कळतो."

अनीशचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. गाडी बाहेर लावून आम्ही चालत गेलो. रस्ताभर विभाताई बोलत होत्या. डिस्क पुसली असेल. डिस्क हरवली म्हणेल. डिस्क देईल पण दुसरीच देईल. मी म्हटलं, "विभाताई, मग जायचं तरी कशाला?" त्या म्हणाल्या, "दुसरं काही आहे का आपल्या हातात?" तेवढं एकच वाक्य त्या हळू बोलल्या.

दार त्याच्या आईनं उघडलं. तिला सगळं माहीत होतं. तिनं बसा म्हटलं, पण पाणी विचारलं नाही. लखनौत घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे काय, ते आम्हा दोघींना कळलं. अनीश आतून आला. विभाताईंनी झालेलं सगळं सांगितलं. अंशिकाचं नाव निघालं, तसा तो खाली बसला.

"डिस्क है," तो म्हणाला. "मगर आपको नहीं दूँगा."

"क्यों?"

"इसमें भी कुछ गड़बड़ निकली तो आप कहेंगी, अनीश ने की. मैं खुद लेकर चलूँगा. सबके सामने खुलेगी. मैं हाथ लगाऊँ तो आप देखेंगी, आप लगाएँ तो मैं देखूँगा."

मला वाटलं, आता विभाताई भडकणार. त्यांनी फक्त मान हलवली. त्यांना ही अट आवडली असावी. त्यांनी स्वतः हीच घातली असती.

"घर क्यों लाए थे?" त्यांनी विचारलं.

"अलमारी के ऊपर छत टपकती है. पिछली बरसात में तीन बार कहा मैंने. आप भी थीं. सबने कहा, देखेंगे."

विभाताईंना आठवलं की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण प्रश्न संपले नव्हते. "और कंप्यूटर? वो कौन बंद करता था?"

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. अनीशनं आतल्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "हीटर, मैडम. दीवार वाला सॉकेट जला हुआ है, तो मैंने कंप्यूटर के यूपीएस में लगा लिया. उँगलियाँ जम जाती थीं, टाइप नहीं होता था. यूपीएस पर लोड पड़ता, सब बंद हो जाता. मुझे लगा, चला देने से काम चल जाएगा."

म्हणजे फाईल बिघडली ती त्याच्यामुळेच. यूपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा बॅटरीचा डबा, हीटरच्या भारानं बंद पडायचा, काम चालू असताना वीज तुटत राहिली आणि दर वेळी आत काहीतरी मोडत गेलं. आणि तरीही, विभाताईंनी ज्यासाठी त्याला चोर ठरवलं होतं, तसलं काही त्यानं केलेलं नव्हतं. परत येताना तो गाडीत मागे बसला होता, डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरून.

त्या दुपारी मी केंद्रातच थांबले, कारण विभाताई म्हणाल्या, "तिसरं कोणीतरी बघणारं असू दे." डॉ. अरुणा होत्याच. आधी विभाताईंनी बिघडलेली फाईल आणि दुरुस्त झालेली फाईल, दोन्ही जशाच्या तशा बाजूला काढून ठेवायला लावल्या. "काहीही पुसायचं नाही. काय लागेल, सांगता येत नाही." मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर डिस्कवरच्या प्रती एकेक करून उघडायचं ठरलं.

अनीश माऊस हलवायच्या आधी काय करणार ते मोठ्यानं सांगायचा, आणि विभाताई हो म्हटल्यावरच बटण दाबायचा. ताजी प्रत उघडली. वरवर ठीक दिसली. विभाताईंनी आपल्या माहितीतली पोरं काढून बघितली, तर मधेच एका पानावर यंत्र अडकलं. बिघडलेली. प्रत काढताना यंत्र तक्रार करत नाही. आतलं मोडकं पानही मुकाट उतरवून घेतं. हे अनीशनं सांगितलं, आणि त्याचा चेहरा पडला. त्याच्या आधीची प्रत, तीही तशीच. विभाताईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की मला त्याची दया आली.

"मैडम, मैंने कुछ नहीं छुआ है," तो म्हणाला. "हीटर नए साल के बाद लगाया था. उससे पहले की देखिए."

डिसेंबरमधली प्रत उघडली. यंत्राकडून तपासणी करवली, तर एकही चूक नाही. अंशिका उघडली. मोठा ई. गळालेली दोन मुलंही सापडली, दोघं भाऊ, बाराबंकीचे. डॉ. अरुणांनी खुर्चीला पाठ टेकवली. "हो गया न अब?"

"अजून नाही," विभाताई मराठीतच बोलून गेल्या आणि मग हिंदीत सांगितलं, की डिसेंबरनंतरचं सगळं ह्यात नाही. तेवढे आठवडे रक्तपेढीकडून मागवून पुन्हा भरावे लागणार. आणि भरल्यावर प्रत्येक मुलाच्या आईला फोन करून विचारायचं. प्रत्येकीला.

पुढचा आठवडा त्या दोघांनी तेच केलं. एक फोन करायचा, दुसरा पडद्यावर बघायचा. बऱ्याच आयांना काही सांगता येत नसे, तिथे रक्तपेढीशी पुन्हा पडताळा. फोन करता करता दलालांचाही उलगडा झाला. आयांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात कोणी कोणालाही घेत होतं, आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसत होते. एक दलाल त्यात 'अंकल' म्हणून कधीचा बसला होता.

शेवटचा फोन झाल्यावर विभाताईंनी अनीशला व्हरांड्यात गाठलं. "अनीश, मैंने जो कहा था, ग़लत कहा था."

तो म्हणाला, "सबके सामने कहा था, मैडम."

मग आत जाऊन त्यांनी नर्सेसना, डॉ. अरुणांना, दोन-तीन आया होत्या त्यांनाही थांबवलं आणि उभ्या-उभ्या सांगितलं, की अनीशनं काही विकलं नाही, कोणाला काही दिलं नाही, डिस्क त्यानं सांभाळली म्हणून नोंदी परत मिळाल्या, आणि आपण त्याच्यावर खोटा आळ घेतला. प्रत्येक शब्द स्पष्ट होता. अनीशला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "और हीटर यूपीएस में इसी ने लगाया था. वो भी सबको मालूम होना चाहिए."

मी नंतर त्यांना रागावले. तेवढं नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं? त्या म्हणाल्या, "अर्धं खरं सांगून माफी मागितली असती, तर मला स्वतःवरच शंका आली असती."

अनीशची नोकरी राहिली. भिंतीत नवा सॉकेट आला, छत दुरुस्त झालं, प्रती आता दोन ठिकाणी राहतात आणि दर महिन्याला एक उघडून तपासली जाते. विभाताई आणि अनीश एकमेकांशी सभ्यपणे बोलत, कामापुरतं. जुनं काही भरून आलं असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्याच्या तोंडी त्याला गोमतीनगरला एका शाळेत चांगली जागा मिळाली. निरोपाच्या दिवशी विभाताईंनी मला सोबत नेलं, आणि त्याच्यासाठी घरून पुरणपोळ्याही नेल्या. त्यानं एक खाल्ली, बाकीच्या आईसाठी बांधून घेतल्या, आणि निघताना म्हणाला, "मैडम, मेरे जाने के बाद पासवर्ड ज़रूर बदलवा दीजिएगा."

"सकाळीच बदलले," विभाताई म्हणाल्या.

अनीशला मराठी येत नाही. पण तो हसला. त्या खोलीत मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.